दूध पावडरचा डबा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण एका हातावर बाळ झोपलंय, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून हट्टानं चढतेस का? इकडे सगळे मजेत आहेत. (सगळे म्हणजे बाळ. गेल्या अडीच महिन्यांत या घरात दुसऱ्या कुणाची चौकशी झालेली नाही.)

माझं दूध बाळाला पुरत नाही, हे आता जगजाहीर आहे. सासूबाईंच्या मते ते पुरतं, मीच मनापासून पाजत नाही. हे म्हणतात, डब्याचं दे की, त्यात काय एवढं! पण ते जहाजावर असतात, आणि तिथून फोनवर सगळंच सोपं वाटतं. शेवटी डॉक्टरांना विचारून मी बाळाची पावडर गुपचूप आणली आणि लपवली. कुठे, तर स्वयंपाकघरातल्या दूध पावडरच्या डब्यात. (हसू नकोस. सासूबाईंना चहाला ताजंच दूध लागतं, त्या डब्याला वर्षभर कुणी हात लावला नव्हता. स्वतःच्या हुशारीवर मी चांगली दोन दिवस खूश होते.)

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सल्लागार बाई आल्या. अंगावरच्या दुधाचं महत्त्व सांगतात, स्वभावानं चांगल्या आहेत, फक्त थांबत नाहीत. नेमकं त्याच दिवशी दूध नासलं. सासूबाईंनी कपाटातून तो डबा काढला आणि चहा केला. डब्याच्या दुधाला घरात थारा देऊ नका, हे समजावता समजावता बाईंनी दोन कप संपवले आणि वर म्हणाल्या, "चहा काय फक्कड झालाय! दूध कुठून घेता हो?" सासूबाई अशा फुलल्या की विचारू नकोस. मला हसू फुटलं, ते आवरेना, आणि त्याचं रडणं कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. दोघी लगबगीनं उठून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता कुणीतरी पाठीवरून हात फिरवेल. सासूबाईंनी माझ्या मांडीवरून बाळ उचललं आणि बाई म्हणाल्या, "रडायचं नाही हं, दुधावर परिणाम होतो." मला इतकं एकटं वाटलं, मावशी, की मी उठून कपबशा विसळल्या.

आता सासूबाईंना त्या चहाची चटक लागली आहे. बाळाचा निम्मा डबा त्यांनीच संपवला, आणि मला चकार शब्द काढता येत नाही. बाकी सर्व ठीक.

तुझी भाची
(हल्ली नुसती 'बाळाची आई')

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मी लहान असताना आई मला अंगावर पाजायची की डब्याचं द्यायची? ती असती तर तिलाच विचारलं असतं. आता तुझ्याशिवाय सांगणारं कुणी नाही.

ता. क. २. डब्याचं असेल तर तसं लगेच कळव. अंगावरचं असेल तर पत्र लिहू नकोस, गुडघे सांभाळत तूच ये. आणि आल्यावर बाळाला नंतर घे. आधी मला विचार, जेवलीस का.