नावांच्या जागा मोकळ्या

भरे, ता. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. कां. जुईलीस धोंडाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून हसू नको. परवा फोनवर तू अर्धा तास बोललीस. त्यातलं मला हॅलो कळलं, बाकीचं सगळं आळीला कळलं. उजवा कान गेलाच हाय, डावा त्याच्या मागं निघालाय. तवा लग्नापतुर जे बोलायचं ते कागदावर. तुझा बाप दर रविवारी तांदूळ न्यायला येतोच, त्याच्या पिशवीत टाकत जाईन. चौथी शिकलेली बाई हाय, चुका काढत बसू नको.

तू मागितलेली कॅसेट सापडली, सोबत पाठवते. तुझ्या आजोबांनी टेप आणला तवा पहिली भरली ती हीच, शेजारच्या ठकूबाईच्या लेकीच्या हळदीची. गाणारी मी. तवा पंचक्रोशीत कुटंबी हळद असली की मला न्यायला गाडी यायची. तुझे आजोबा गेले तवापासून मी हळदीत बसत न्हाई. कुणी ऊठ म्हणलं न्हाई. पण ऊठ म्हणायची वाट कशाला बघायची?

नलिनी उरवड्याला कंपनीत गेली की मी लिहायला बसते. आत्या तुझी असली तरी तिला सगळंच वाचायला द्यायचं न्हाई. तुझ्या हळदीसाठी ती साडी घेत न्हाई. म्हणते, मी आत हळद कालवीन, बाहेर माझं काय काम. तुझी आई नोकरीला जायची तवा तुझं न्हाऊमाखू हिनंच केलं. नवऱ्यानं दुसरी आणली अन् ही माघारी आली, तर हिची बोटं बाटली व्हय? मी काही सांगत न्हाई. गाल तुझा हाय, कुणाची हळद लावून घ्यायची ते तू ठरव.

जेवत जा. लग्नात हाडं मिरवायची नसतात. लोभ हाय तेवढा हाय, तो उतू बी जात न्हाई अन् आटत बी न्हाई.

तुझी आजी

मारुंजी, ता. ११ जानेवारी

ती. आजीस जुईलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी तांदळाच्या पिशवीतून काढून दिलं. तांदळाचा वास आहे त्याला. फोनपेक्षा हे बरं आहे, तू मधेच फोन ठेवून देत नाहीस.

कॅसेट कशाला हवी होती ते सांगते. मी गाणी वाजवायचं यंत्र बनवते आहे. पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी असते, तोच सगळा कॉम्प्युटर. तिच्या डोक्यावर दुसरी छोटी पाटी बसवली. आकडे घेऊन त्यांचा स्वच्छ आवाज करायचा, एवढंच तिचं काम. पहिल्यांदा मोबाईलच्या चार्जरवर चालवलं तर गाण्यामागे सारखी माशी गुणगुणत होती. चांगला पॉवर सप्लाय लावल्यावर माशी गेली. असं यंत्र तयार विकत मिळतं, पण मग माझ्या लग्नात मी काय केलं?

तू दिलेल्या पितळी पानाच्या डब्यात ते बसवलं होतं. दिसत इतकं सुंदर होतं की काय सांगू. झाकण लावलं आणि गाणं बंद. पितळेतून वायफाय जात नाही, हे मला कळायला हवं होतं, त्याचाच पगार घेते मी. शेवटी सुताराकडून लाकडी खोकं करून घेतलं. पानाचा डबा परत पाठवते.

कॅसेटचा आवाज आधी घोंगडीखालून आल्यासारखा यायचा. टेपरेकॉर्डरचा एक बारीक स्क्रू हळूहळू फिरवत राहिले आणि एका जागी तू एकदम समोर आलीस. तुझ्या बांगड्यासुद्धा ऐकू येतात. बाबा जेवत होते, ते घास हातात धरून तसेच बसले.

आता ऐक. मी दोन यंत्रं करते आहे. एक अंगणात मांडवात, एक तुझ्या स्वयंपाकघरात. दोन्ही वायफायवरून एकाच वेळी तेच गाणं वाजवतील. म्हणजे तुला आणि आत्याला आत बसूनही सगळं ऐकू येईल. तुझ्या कानाशीच ठेवीन. कशी आहे कल्पना?

कान सांभाळ, राग सांभाळू नकोस. तुझ्या मायेची सवय झालेली,

जुईली

भरे, ता. १७ जानेवारी

चि. सौ. कां. जुईलीस आशीर्वाद. वि. वि.

डबा पोचला. झाकण लावलं की बोलत न्हाई, तुझे आजोबा बी तसेच होते.

कल्पना कशी हाय विचारलंस, सांगते. तू गाणं ऐकलंस, पण गाण्यात काय चाललंय ते ऐकलं न्हाईस. आपल्यात हळदीला गाणारी जिचं नाव घेते तिनं उठून नवरीला हळद लावायची.

ये गं ये गं ठकूबाई, हळद वाटीत वाळली,
लेकीच्या आमच्या गाली तुझी बोटं उमटली.

ठकू येणार, लावणार, मंग पुढचं नाव. हाक मारलेली बाई येईस्तोवर गाणं पुढं हलत न्हाई. ती आलीच न्हाई तर ते नवरीला चांगलं नसतं. आता त्या कॅसेटीत मी कुणाकुणाला बोलवलंय ते मोज. ठकू गेली. चिमा गेली. ठकूची जाऊ तर टेप भरला त्याच साली गेली. तुझं मशीन मांडवात मेलेल्या बायांना हाका मारणार. आल्याच तर जेवायला बी वाढावं लागंल, अन् चिमाला लई लागायचं.

ही झाली एक गोष्ट. दुसरी वाचून मी कागद पिठाच्या डब्यावर ठेवला अन् आधी भाकरी थापून घेतल्या.

तुला आणि आत्याला आत बसूनही. म्हंजे आमी आत बसायचं हे ठरलेलं हाय. कुणी ठरवलं ते लिहिलं न्हाईस. माझा गळा तेवढा मांडवात चालतोय, कारण गळ्याला कपाळ नसतं, त्यावर कुंकू हाय का न्हाई ते कुणाला दिसत न्हाई. गळ्याखालची बाई मात्र चुलीपाशी. अन् तिला करमावं म्हणून तिचाच आवाज तिच्या कानाशी. एवढी हुशारी मारुंजीला शिकवतात का तुझ्या कंपनीत?

मी रागावले न्हाई. राग आला असता तर लिहिलंच नसतं. पण खरं काय ते लिही.

आजी

मारुंजी, ता. २५ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून सोल्डरिंगला हात लावला नाही.

खरं ते असं. शैलेशच्या घरी देण्याघेण्याचं काही नाही, माणसं साधी आहेत. पण त्याच्या मावशींनी बोलणी झाली तेव्हा आईला बाजूला घेऊन सांगितलं, की हळद सुवासिनींचीच लागावी, तुमच्याकडे विषय आहे म्हणून आधीच बोलून ठेवते. विषय म्हणजे आत्या आणि तू. आई हो म्हणाली. मला नंतर कळलं. मी भांडले, तर आई म्हणाली, एका दिवसासाठी घर फोडू नकोस. शैलेशला सांगितलं तर तो म्हणतो, तू सांगशील तसं, मावशीशी मी बोलतो. पण तो बोलला तर लग्नाआधीच मी वाईट.

म्हणून मला यंत्र सुचलं. तू मांडवात नसलीस तरी तुझा आवाज असेल, कुणाला काही म्हणता येणार नाही. मला ती मोठी युक्ती वाटली होती. तू लिहिलंस तेव्हा दिसलं की मीही तुला आतच बसवलं, फक्त सोय चांगली करून.

नावांचं मी एवढं केलं. रेकॉर्डिंगमधून सगळी नावं काढली. शैलेश म्हणाला, आजीच्या आवाजातली अक्षरं जोडून नवी नावंही बनवता येतील. एक बनवून पाहिलं. आवाज तुझा होता, पण हाक तुझी नव्हती. पुसून टाकलं. आता गाणं येतं, ये गं ये गं म्हणतं आणि नावाच्या जागी गप्प होतं. फक्त ढोलकी चालू असते. त्या मोकळ्या जागांकडे बघत बसले आहे. काय करू, तूच सांग. मला आत्याची हळद हवी आहे, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

तुझ्या मायेला अजून जागा असेल असं धरून चालणारी,

जुईली

भरे, ता. ३० जानेवारी

चि. सौ. कां. जुईलीस आशीर्वाद. वि. वि.

आता लिहिलंस तसं आधी लिहायचं.

नावांच्या जागा मोकळ्याच ठेव. भरू नको. आईशी भांडू नको, ती लेकीची आई हाय, तिला पुढचं दिसतंय. शैलेशलाबी काही बोलायला लावू नको. लग्नाआधी पुरुषाला बोलायला लावलं की तो जन्मभर ते मोजतो.

मला तुझ्याकडून तीन गोष्टी पायजेत. मशीनला बोलायचा माईक जोड, म्हंजे मी बोलले की माझी हाक आतल्या खोक्यातूनबी निघंल. मशीन थांबवायचं बटन मोठं कर अन् त्याला लाल चिंधी बांध, मला बारीक दिसत न्हाई. अन् बाहेरचं खोकं जमिनीवर ठेव, माझ्या हाताला लागंल असं. ऐकायला कमी येतं, पण लाकडाला हात लावला की ढोलकी कळती.

मी मांडवात बसणार हे आईला सांग. म्हणावं, मशीन जुनं हाय, म्हातारीशिवाय चालत न्हाई. खोटं न्हाई ते.

बाकी काही विचारू नको. नलिनीला तर मुळीच सांगू नको, न्हाईतर ती त्या दिवशी कंपनीत जाऊन बसंल.

लोभ हाय, हे पत्रात सारखं काय लिहायचं.

आजी

मारुंजी, ता. ८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

माईक जोडला. लाल चिंधीपण बांधली, आईच्या जुन्या परकराची. एक अडचण आहे. दोन्ही खोकी बरोबर वाजावीत म्हणून यंत्र गाणं आधी साठवून घेतं. पण तू माईकवर बोललेलं आतल्या खोक्यात क्षणभर उशिरा पोचेल. ते काही केल्या जात नाही. चालेल ना?

विचारू नको म्हणालीस म्हणून विचारत नाही. भीती मात्र वाटते आहे.

तुझीच, अजून कुणाची न झालेली,

जुईली

भरे, ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. जुईलीस धोंडाबाईचे आशीर्वाद. वि. वि.

सौ. लिहिताना हात अडला. होईल सवय.

हळदीत तुझे डोळे मिटलेले होते, अन् डोळ्यांत हळद गेल्यावर तू लई रडलीस, निदान सगळ्यांनी तसंच धरलं. तुला काय दिसलं न दिसलं मला ठाऊक न्हाई, म्हणून लिहिते.

मी लाकडावर हात ठेवून बसले. गाणं सुरू झालं. ती बाई चांगली गायची, मला आठवण नव्हती एवढी. पहिली मोकळी जागा आली तवा मी शैलेशच्या मावशीचं नाव घेतलं. मानानं, बाई लावून. दहा बायांत पहिली हाक आपल्याला, ती फुलली. उठली, लावली हळद. एकदा हाकेला ओ दिली की हाकेचा नियम मानला. तो मानल्यावर पुढची हाक कुणाला हे विचारता येत न्हाई. दुसरं नाव तुझ्या आईचं. तिसरं नलिनीचं.

नलिनी आत हळद कालवत होती. क्षणभर उशीर लागतो म्हणाली होतीस, तेवढा लागला. मंग आत वाटी पडल्याचा आवाज झाला, मला बाकीच्या बायांच्या तोंडावरून कळला. बाहेर कुणी येईना. मशीन आपलं पुढं गायला लागलं. त्याला थांबायचं शिकवलंच न्हाई कुणी. मी लाल चिंधीवर हात मारला.

गाणं थांबलं. तुझी आई माझ्याकडं बघायची न्हाई. मावशी म्हणाली, काकू, पुढचं घ्या की. मी म्हणलं, कान गेलेत माझे, ऐकू येत न्हाई, अन् नाव घेतलंय तर गाणं पुढं कसं हलवू, नवरी तुमच्या घरात यायची हाय, तिला काही झालं तर बोल कुणाला? तुझ्या गालावरची हळद वाळायला लागली. शेवटी मावशीच उठली. आत गेली अन् म्हणाली म्हणे, नलूताई, चला बाई, पोरगी खोळंबलीय. ती वाईट बाई न्हाई. तिला वाट पायजे होती, ती मी दिली.

नलिनीनं तुझ्या गालाला हात लावला तवा मी बटन परत दाबलं. बघितलं न्हाई. मला पुढची जागा धरायची होती.

अन् शेवटची जागा. तिथं मी कुणाचं नाव घ्यायचं ठेवलं नव्हतं. गाणारीला कुणी बोलवत न्हाई, तशी रीतच न्हाई. ती रिकामी जाऊ दिली असती. नवरीनं हळदीच्या पाटावर तोंड उघडायचं नसतं, अन् तू डोळे मिटून धोंडाबाई म्हणालीस. आजीला नावानं हाक मारतेस, ही लग्नाची मस्ती म्हणायची का? मला ऐकू आलं न्हाई. नलिनीनं माझ्या खांद्याला हलवून सांगितलं.

या घरात सगळ्यांची मी आई, आजी, काकू. त्या नावानं हाक मारणारा एकच होता.

उठले मी. लावली. उठताना पिवळा हात तुझ्या खोक्याला लागला, तो डाग काही जात न्हाई. घासून बघितला. आतलं खोकं नलिनीनं तिच्या उशाशी ठेवलंय, कामावरून आली की लावते. बाहेरचं डाग पडलेलं तुला पाठवू, का हितंच राहू दे, ते कळव. मला विचारशील तर राहू दे.

आजी