सकाळपर्यंत टिकणारा ओंडका

मंगळवार, ८ जुलै
ब्रॉनविनने होबार्टहून एक डबी पाठवलीय. साबणाच्या वडीएवढी. घरातल्या हवेत धूर किती, ते मोजते म्हणे. पंधराच्या आत आकडा म्हणजे ठीक. आमच्या बैठकीच्या खोलीत १४०. सोबत चिठ्ठी — बाबा, आईचा खोकला फुलोऱ्याच्या परागांचा नाही, हवा सुधार. पोरगी बँकेत नोकरी करते. फुप्फुसांचं कधी शिकली कोण जाणे.

बायकोचा, नोरीनचा, खोकला इकडचा हिवाळा लागला की मे महिन्यात येतो आणि सप्टेंबरात जातो. दरवर्षी. फुलोराच तो, दुसरं काय? "मे महिन्यात लॉन्सेस्टनमध्ये कुठलं झाड फुलतं रे?" नोरीनने विचारलं. उत्तर होतं माझ्याकडे, पण चहा गार होत होता.

बुधवार, ९ जुलै
गुन्हेगार सापडला. शेजारचा डेस! ओली लाकडं जाळतो, धूर आमच्याकडे येतो. दिवसभर खपून सगळ्या खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या. आता एक कण आत येईल तर शपथ.

गुरुवार, १० जुलै
१९०. डबी बिघडली असावी.

शनिवार, १२ जुलै
नर्सरीतून तीन कुंड्या आणल्या. पानं घाण शोषून घेतात, असं तिथली मुलगी म्हणाली. बैठकीतल्या लाकडाच्या शेगडीवर वाटीभर पाण्यात निलगिरीचं तेल ठेवलं. आता आकडा तोच, फक्त सुवासिक. नोरीन खोकत खोकत म्हणाली, "वास छान आहे हं."

सोमवार, १४ जुलै
हवा गाळायचं यंत्रही आणलं. कोपऱ्यात घुरघुरत बसतं, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं. दोन दिवसांत त्याची जाळी काळी पडेल, असं डेसचं भाकीत. मी म्हटलं, मग काम करतंय असं समज.

रात्री ब्रॉनविनचा फोन. म्हणे, दोष शेगडीचा. शेगडीचा! एकतीस हिवाळे तापवलंय तिने हे घर. झोपायच्या आधी जाडजूड ओंडका घालायचा, शेगडीत हवा सोडणारी खिटी पार बंद करायची. ओंडका धुमसत राहतो, सकाळी राख उकरली की खाली लालबुंद निखारे. यंदा मेपासून मी एकच काडी ओढलीय. डेसच्या पाच झाल्या. आमच्या गल्लीत माणसाची पत यावरच ठरते.

"बाबा, धुमसतं म्हणूनच तर धूर होतो. खिटी उघडी ठेव."
"मग ओंडका दोन वाजताच संपेल."
"संपू दे ना!"
संपू दे म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

बुधवार, १६ जुलै
जाळी काळी. डेसला सांगितलं नाही.

शुक्रवार, १८ जुलै
नोरीन दहा दिवसांसाठी टाउन्सव्हिलला गेली, बहिणीकडे. थेल्माकडे म्हणे हिवाळ्यातही स्वेटर लागत नाही. विमानतळावर बॅग उचलताना तिला दम लागला. मी म्हटलं, बॅग जड आहे. बॅगेत चार कपडे होते.

मंगळवार, २२ जुलै
नोरीनचा फोन. खोकला तिसऱ्या दिवशीच थांबला. "केल, थेल्माचा जिना मी न थांबता चढते. आज तर दोनदा चढले."
मी म्हटलं, तिकडची हवा उबदार आहे ना.
"हो," म्हणाली. मग माझ्या निखाऱ्यांची चौकशी केली.

गुरुवार, २४ जुलै
घर फार शांत आहे. शेजारच्या खोलीतून खोकला ऐकू आला की ती उठली हे कळायचं, मग मी चहा टाकायचो. आज चहाला नऊ वाजले. मला तिची आठवण येते. लिहून टाकलं, कुणी वाचणार नाही.

शनिवार, २६ जुलै
काल खिटी उघडी ठेवून झोपलो. खिडकीची एक पट्टीही उचकटली. सकाळी शेगडी गार, पाय बर्फ. काडी ओढावी लागली, दुसरी. डबीवर आकडा १२.
थोर शोध लागला. एकतीस वर्षांनी.

सोमवार, २८ जुलै
नोरीन आजच्या विमानाने आली नाही. फोनवर सांगितलं — डॉक्टर गेल्याच हिवाळ्यात म्हणाले होते, त्या धुरात राहू नका, फुप्फुसं जातील.
मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?
"रोज सकाळी निखारे दाखवायला तू मला हाताला धरून न्यायचास, केल. कसं सांगणार होते?"
गुरुवारी माणूस येऊन शेगडी उचलून नेणार आहे. नोरीन कधी येणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.