गाडी सपाटीवर लावली आहे

दादा,

चुलीजवळची बॅटरी उचलून मी गाडीत बसवली आहे, रागावू नकोस. आता तिला रात्री घरात आणून गोधडीत झोपवायची गरज नाही, कारण तिला काही झालेलंच नव्हतं. काल तू मेंढ्यांकडे गेल्यावर मी दिवे लावून किल्ली फिरवली, तर दिवे जराही मंद झाले नाहीत, नुसतं टक् वाजलं. मग स्टार्टरवर हातोडीचा दांडा आपटला आणि इंजिन लगेच फिरलं. म्हणजे दुखणं स्टार्टरचं, आणि आपण अख्खा हिवाळा लाड केले बॅटरीचे. जोल्दोशकाकांच्या अंगणात पडून असलेल्या निवा गाडीचा स्टार्टर त्यांना विचारून काढला आणि आपल्या निवाला बसवला. बोल्ट इतके गंजलेले की पाठ मोडून गेली, हात अजून काळेच आहेत.

परवा तू म्हणालास, "तू बिश्केकला शिकायला गेलीस तर रोज सकाळी गाडीला धक्का कोण देणार, बकऱ्या?"

गाडी उतारावर नाही, दारातच सपाटीवर आहे. धक्क्यासाठी आईला उठवू नकोस, नुसती किल्ली फिरव. मी बॅग घेऊन चालत स्टँडवर निघालेय. व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्यात पोचशील. यायचं असेल तर.

नुरझात