शांघायची शिष्टाई

८ नोव्हेंबर, रेल्वेत, सकाळी ९
शीआन सुटलं. मांडीवर पेटी. पेटीत फूपिंगची चोवीस पर्सिमन फळं, लालबुंद, आपल्या झाडाची.
मोहीम अशी: आमच्या लेकीच्या, शाओमानच्या, लग्नाचं जेवण शांघायच्या कुठल्याशा हॉटेलात न होता आपल्या फूपिंगमध्ये, शाळेच्या पटांगणात. बेचाळीस टेबलं. त्यासाठी व्याह्यांचं मन वळवणे. एक जेवण पुरे. तेहेतीस वर्षं पोरांना प्राचीन वाङ्मय शिकवलं. व्याही म्हणजे एक निवृत्त बॉयलर इंजिनियर.
आचारी जिंगला कळवलेलं आहे. आमंत्रणं स्वहस्ते, कुंचल्याने, एकशे साठ लिहून तयार. शाओमानला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगू.
निश्चय: (१) आवाज खालच्या पट्टीत. (२) प्राचीन वचनं सांगायची नाहीत. (३) आपण गव्हाची माणसं असलो तरी भाताला नावं ठेवायची नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी १
शेजारचा प्रवासी माझी वचनं ऐकून इतका भारावला की सामान घेऊन दुसऱ्या डब्यात गेला. चिंतनासाठी एकांत हवा असणार. निश्चय क्रमांक दोन शांघायला उतरल्यापासून लागू.

९ नोव्हेंबर
पोरगी नवव्या मजल्यावर राहते. चार वर्षं 'बाबा या, बाबा या' चाललं होतं. जमलं नाही. आधी गुडघा, मग कोंबड्या, मग दुसरा गुडघा. या वेळी काम होतं म्हणून आलो.
होणारा जावई यीमिन काल स्टेशनवर आला होता. पेटीत काय आहे म्हणून विचारलं. म्हटलं, पर्सिमन, तुमच्या आईवडिलांसाठी. त्याचा चेहराच बदलला. फार हळवा मुलगा. नंतर चाचरत म्हणाला, काका, रविवारी घरी खेकड्यांचं जेवण आहे, बाबांनी मुद्दाम तळ्यावरून मागवलेत. म्हटलं, असू देत की, आम्ही काही म्हणत नाही.
रात्री भात. नावं ठेवली, पण खालच्या पट्टीत.
लग्नाच्या जेवणाचा विषय पोरीपाशी काढणार होतो. ती भांडी घासत होती. भांडी घासणाऱ्या व्यक्तीशी मुत्सद्देगिरीचं बोलू नये.

१० नोव्हेंबर, पहाटे ५.३०
उठलो. खाली पाहतो तर फुटपाथभर चिनारची पानं, घोटाभर थर. एवढं मोठं शहर आणि झाडायला कोणी नाही! पाहुण्याने उपयोगी पडावं. जिन्याखालचा झाडू घेतला.

त्याच दिवशी, सकाळी ७.१५
अर्धा रस्ता आरशासारखा केला. तेवढ्यात केशरी जाकिटातली सफाईवाली धावत आली. अहो आजोबा, म्हणाली (माझं वय चौसष्ट), ठेवा तो झाडू! ही पानं मुद्दाम पडू दिलीत. डिसेंबरपर्यंत या रस्त्याला झाडू लावायचा नाही, वरून हुकूम आहे. लोक फोटो काढायला येतात, त्यांना काय तुमचा फुटपाथ दाखवू?
म्हटलं, आमच्या फूपिंगमध्ये पडलेलं पान म्हणजे आळस. ती म्हणाली, मग फूपिंगला जाऊन झाडा, इथली पसरा.
प्रशासनाला सहकार्य म्हणून पाऊण तास पानं पसरली. बाई देखरेखीला उभी. तिथं जास्त झालीत, इथं विरळ झालीत, म्हणत होती. शेवटी एका जोडप्याने मी पसरलेल्या भागात फोटो काढला. माझ्या पानांना नैसर्गिकपणा अधिक आहे, हे उघड दिसत होतं.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
जिंगला फोन. डुकरं ठरली का, विचारलं. म्हणाला, मास्तर, आधी तुम्ही नीट राहून या. पटांगणाचं? म्हणाला, बघू. टेबलं-खुर्च्यांचं? म्हणाला, पोरगी बरी आहे ना? हवापाणी कसंय? एरवी एक ताट कमी सांगितलं तर भांडणारा माणूस. मोठ्या कामाच्या ओझ्याने दबून गेलाय बिचारा.

११ नोव्हेंबर
एक बारीक अडचण. मी जन्मात खेकडा खाल्लेला नाही. आमच्याकडे पाणीच विहिरीत असतं, खेकडा कुठून येणार? परंतु शांघायवाले खेकडा आठ हत्यारांनी सोलतात आणि संपल्यावर कवच असं जुळवून ठेवतात की तो पुन्हा चालू लागेल असं वाटावं. तशा माणसाशी बरोबरीने बसायचं तर विद्या हवी.
फोनवर व्हिडिओ तीनदा पाहिला. अक्रोड, चमचा आणि पोरीची भुवया कोरायची चिमटी घेऊन सराव केला. अक्रोडाचं कवच पुन्हा जुळवलं. जवळजवळ.
शाओमान म्हणाली, बाबा, सरळ हाताने खा, कोणी हसणार नाही. आणि माझी चिमटी द्या. म्हटलं, पोरी, प्रश्न हसण्याचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. ती म्हणाली, कोणाच्या? आणि मग हसली. तिची आई अशीच हसायची.
आज विषय काढणारच होतो. पण ती हसत होती. हसणाऱ्या माणसाशीही बोलू नये.

१२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
पेटीत पिचायला आलेली दोन पर्सिमन खाऊन टाकली. भेटीत बावीस, समसंख्या, तेही शुभच. काळा कोट. आज निकाल.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ, हॉस्पिटलात
सविस्तर लिहितो. विजय झाला आहे.
विहीणबाईंनी पेटी उघडली. अगं बाई, काय रंग आहे, म्हणाल्या, आणि लगबगीने गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे नेऊन ठेवली. मानाची जागा असावी. व्याही म्हणाले, मास्तर, बसा, तांदळाची वाइन कोमट करून ठेवलीय.
खेकडे आले. व्याह्यांनी कात्री उचलली, मी उचलली. व्याह्यांनी पाय कापला, मी कापला. तो त्यांच्या बशीत पडला, माझा विहीणबाईंच्या चहात. व्याही म्हणाले, सावकाश, मास्तर, तो आधीच मेलाय. त्यांच्याकडचा विनोद थोडा कोरडाच.
दुसरा खेकडा संपत आला, तेव्हा विहीणबाई सहज म्हणाल्या, ती फळं मी उद्याच काढीन हो, आज खेकड्याबरोबर नको.
तत्क्षणी हातातला घास खाली ठेवला. खेकडा आणि पर्सिमन, एकत्र पोटात गेले की विष! प्रत्येकाची आजी सांगते. मी स्वतः हा नियम जुन्या वैद्यकग्रंथातून दर वर्षी वर्गात पाठ करून घेतला. तेहेतीस वर्षं! पण फूपिंगमध्ये पर्सिमन रग्गड आणि खेकडा शून्य, त्यामुळे पाळायची वेळ कधी आली नाही. पाठांतर आणि पोट यांची गाठ पडली ती आज.
पोटात कळ आली. उठून उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, मी सकाळी दोन खाल्लीत. विहीणबाई किंचाळल्या. शाओमान म्हणाली, बाबा, बसा, ते थोतांड आहे. यीमिन गाडीची किल्ली शोधू लागला.
इथे माझी बुद्धी पाहा. मृत्यू समोर, तरी मोहीम विसरलो नाही. व्याह्यांचा हात धरून म्हटलं, माझी अंतिम इच्छा: लग्नाचं जेवण फूपिंगला. बेचाळीस टेबलं.
व्याह्यांनी यीमिनकडे पाहिलं, यीमिनने शाओमानकडे. शाओमानने डोळे मिटून मान डोलावली. मग व्याही म्हणाले, हो हो, मास्तर, बेचाळीसच. आता पायात बूट घाला.
संमती मिळाली! तीन साक्षीदारांसमोर!
डॉक्टर तरुण पोरगी. खेकडा कसा खाल्ला, विचारलं. वर्णन केलं. म्हणाली, त्याचे कल्लेपण खाल्लेत? म्हटलं, मऊ होते. आणि ज्या दोऱ्याने बांधून उकडतात, तो? तो मला स्नायू वाटला होता. पर्सिमनचा काही संबंध नाही म्हणाली. अपचन. एक गोळी, घरी जा.
निदान वरवरचं वाटलं.

१३ नोव्हेंबर
सकाळी शुभवार्ता द्यायला जिंगला फोन. म्हटलं, व्याही राजी, डुकरं धर. तिकडे त्याने हातातला झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, मास्तर, रागावू नका. ते जेवण मागच्या महिन्यातच रद्द झालंय. शाळेनेही पटांगण दुसऱ्याला दिलं.
रद्द? कोणी केलं?
म्हणाला, शाओमानचा फोन आला होता. गावात एकशे साठ आमंत्रणं लिहिताना तुम्ही दिवाणखान्याचं दार उघडं ठेवलं होतं, मास्तर. दुसऱ्याच दिवशी तिला कळलं. पोरं दोघं नोंदणीच्या नुसत्या सह्या करून आठ दिवस डोंगरात जाणार आहेत. जेवण कुठंच नाही, इथं नाही, तिथं नाही.
म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस, गद्दारा?
म्हणाला, तिनेच बजावलं होतं. जिंगकाका, बाबांना बोलू नका. चार वर्षं बोलावतेय, येत नाहीत. कामासाठी का होईना, येऊ देत एकदा.
म्हणजे व्याह्यांनाही ठाऊक. विहीणबाईंनाही. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना. बहुधा सफाईवालीलाही.

१४ नोव्हेंबर
आमंत्रणांवरचं अक्षर फार उत्तम उतरलं होतं. नोंद म्हणून.
रागाने बोलायचं नाही असा निश्चय. शाओमान ऑफिसला रजा टाकून बसली होती. गव्हाच्या शेवया स्वतः लाटल्या तिने, जाड झाल्या. दोन वाट्या खाल्ल्या.  नंतर तिने परतीचं तिकीट पाहिलं. उद्याचं आहे, म्हणाली.
म्हटलं, ते पुढे ढकलावं लागेल. डॉक्टरांनी पंधरा दिवस प्रवास करू नका म्हटलंय.
ती म्हणाली, कोणत्या डॉक्टरांनी? मी होते ना तिथे.
म्हटलं, दुसऱ्या.