बुबुळातल्या नांग्या

आबा, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही जुना झालेला नाही. माझं बुबुळ बदलल्याला आता चार वर्षं होतील. डॉक्टरीणबाई दर खेपेला यंत्रापुढे बसवून त्याच्या आतल्या थरातल्या पेशी मोजतात, आणि दर खेपेला त्या आधीपेक्षा कमीच भरतात. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, गेली ती गेली. शेजारच्या पेशी पसरून तिची जागा झाकतात. त्याही पुरेनाशा झाल्या की बुबुळात पाणी भरतं आणि नजर गढूळ होते. सकाळी उठल्यावर धूसर दिसलं तर त्याच दिवशी या, असं त्यांनी बजावून ठेवलंय. आजार आपल्या घराण्यातलाच. दादाला मळवलीची खाचरं मिळाली, मला तुमचा डोळा.

तुमचं दुखणं तर आम्हाला वर्षभर कळलंच नाही. सकाळी ओट्यावर बसून तुम्ही म्हणायचात, लय धुकं हाय आज. मावळात धुक्यावर कोण शंका घेणार? दुपारपर्यंत तुमचं धुकं विरायचं आणि तुम्ही शेतावर जायचात. मग ऐन चैत्रात, लोहगड उन्हात लख्ख उभा असताना तुम्ही तेच म्हणालात, तेव्हा आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहिली.

ऑपरेशन झालं. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं होतं, आणि त्यांनी रडता रडता डोळे दिले होते, म्हणून तुम्हाला ते बुबुळ मिळालं. दुसऱ्याचं बुबुळ अंगाने नाकारू नये म्हणून रोज थेंब घालायचे होते. ते तुम्हाला पटावं म्हणून मी तुमच्याच भाषेत सांगितलं, की आबा, ही भाताची आवणीच आहे, एकाच्या वाफ्यातलं रोप दुसऱ्याच्या खाचरात लावायचं, फक्त हितं नांग्या भरता येत नाहीत. तुम्ही हसलात. "असं कुटं असतं व्हय? रोप मेलं तर त्या जागी दुसरं लावायचं. नांग्या भरल्याबिगर शेत हुतं का?" मी तीनदा समजावलं. तुम्ही तीनदा मान डोलावलीत.

आणि मग पंधरा दिवसांनी मी माहेरी येते, तर थेंबांची बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात! खोंडाच्या डोळ्याला पाणी येत होतं म्हणे. मी आवाज चढवला तर तुम्ही शांतपणे वैरण टाकत म्हणालात, "मुकं जनावर ते, कुनाला सांगंल? माझा डोळा तर नवा हाय. नव्याला कशाला औशिद?" पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तर तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, येळच्या येळी घालतो. मी शेजारी कपाळाला हात लावून बसले होते. खोंड ठणठणीत झाला. पुढे कितीतरी वर्षं त्याने खाचरं नांगरली. तुमचा डोळा दिवाळीच्या आत दुधासारखा पांढरा झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. आईने तुम्हाला कधी बोल लावला नाही. मी मात्र येईल त्याला ही गोष्ट सांगत सुटले, तुमच्या तोंडावर, अगदी तुमच्या व्याह्यांपुढेसुद्धा. तुम्ही हसण्यावारी न्यायचात, म्हणून मला आणखीच चीड यायची. अजून येते.

मी थेंब चुकवत नाही. घड्याळ लावून घालते. तरी पेशी कमी होतातच, आणि यात तुमच्यासारखी माझी काही चूक नाही, हे मी स्वतःला रोज सांगते.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? डोळ्याच्या फायलीत ठेवून देते. पण एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात, इथे वलवणला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत मी यांना म्हणाले, आज धुकं फार आहे. हे म्हणाले, कुठंय धुकं? धरणाची भिंत लख्ख दिसतेय. काचेवर वाफ आलीय असं सांगून मी फडक्याने खिडकी पुसत राहिले. काच कोरडीच होती. त्याला आज आठ दिवस झाले, आबा, आणि डॉक्टरीणबाईंना मी अजून फोन केलेला नाही.