नळाचं पहिलं पाणी

५ मार्च

ती. दादास,

नमस्कार. आज तो लिहिणार नव्हते, पण आईने लावलेलं वळण हातातून सुटत नाही. आम्ही सगळे ठीक. ह्यांचा खोकला गेला. चिऊ बरी आहे.

तुझ्या पाणीखात्याची माणसं काल सकाळी नमुना न्यायला आली होती. आल्या आल्या नळ सोडला आणि ओट्याला टेकून गप्पा छाटत बसली. पाणी आपलं वाहतंय धो धो. मग सावकाश बाटली भरली. "ताई, पाणी एकदम फर्स्ट क्लास!" असणारच! शिशाच्या जुन्या नळीत रात्रभर मुरलेलं पाणी तोवर मोरीतून गेलं होतं ना! आम्ही सकाळी उठून पितो ते हेच पहिलं पाणी, मेल्यांनो. शी! किळस आली मला त्या बाटलीची आणि तिच्या चिठ्ठीवर आधीच ठोकलेल्या तुझ्या सहीची.

एवढी अक्कल मला कुठून आली? डॉक्टरीणबाईंनी दिली. चिऊ बरी नाहीये, दादा. वर खोटं लिहिलं. पोर सारखी पोट धरून बसते, येत असलेले शब्द विसरते. तिच्या रक्तात शिसं निघालंय. डोक्यावर झालेला परिणाम पुरता भरून येईल की नाही, त्या सांगू शकत नाहीत.

आणि मी मूर्ख, तुझं ऐकून पाणी उकळत बसले! "उकळून पी, काही होत नाही." उकळून शिसं जात नाही रे. पाणी आटतं आणि ते तसंच उरतं. तेच मी तिला पाजलं, वर पेला संपवत नाही म्हणून दटावलं.

वाटलं, तुलाही माहीत नसेल. मग मागची खेप आठवली. तुझ्या लेकाने चिऊच्या पेल्याला तोंड लावलं, तर तू तो हिसकावलास आणि पिशवीतून बाटली काढलीस. "ह्याला बाहेरचं पाणी सोसत नाही." आम्ही हसलो. तू तो पेला परत चिऊच्या हातात दिलास, दादा.

आज मी गल्लीत घरोघरी हे सांगून आले. तुझ्या पिशवीतल्या त्या बाटलीसकट.

चिऊने मामासाठी पापा दिलाय. तो मी पाठवत नाही.

तुझी होते ती,
धाकटी