आईचा गाऊन, कमरेत दोन बोटं सैल

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (पत्रातला साष्टांग परवडतो. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल, इतकी या आठवड्यात माझी कंबर धरली आहे.) तुझा गुडघा काय म्हणतोय? मामीचा खोकला गेला का? दुकान बंद केलंस तरी शिवणयंत्र घरी आणून ठेवलंस असं कळलं, बरं वाटलं. आईचं लग्न ठरल्याचं ऐकून तू “या वयात?” एवढंच म्हणालास आणि फोन ठेवलास. त्यावर ती घरात चकार शब्द बोललेली नाही, मात्र दूध रोज उतू घालवते. म्हणून तिला न सांगता मीच लिहितेय.

तर आईला लग्नात गाऊन घालायचा आहे. पांढरा, पायघोळ, नामांकित डिझायनरचा आणि कुणीतरी वापरलेला. वापरलेला का, तर नवा घेतला की लोक हौस म्हणतात आणि जुना घेतला की काटकसर, आणि साठीच्या उंबरठ्यावर बाईला काटकसरच शोभते. (होणाऱ्या नवरदेवांना, म्हणजे आमच्या घड्याळजींना, मी मत विचारलं. ते म्हणाले, “तिने काहीही घालू दे, मी वेळेवर येईन.” त्यांच्याकडून कपड्यांबाबत मदत मिळाली ती एवढी.)

असल्या गाऊनांचं दुकान एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. खालून दात कोरल्याचा आवाज येत असतो आणि वर आपण लग्नाचे कपडे बघायचे. मालकीण तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं अंदाजानेच घ्यावं लागतं. तिने आईला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं की सगळी गंमत कापडात नसते, घाटात असते. बांधा खुलवणारा घाट मिळाला की झाकायचं ते झाकलं जातं आणि दाखवायचं ते दिसतं. आई म्हणाली, “दाखवायचं काही नाही. झाकायचं बरंच आहे.” इथून पुढे माझी अख्खी दुपार गेली.

पहिला गाऊन मासोळीच्या घाटाचा, गुडघ्यापर्यंत घट्ट. आई त्यात खरंच छान दिसली, पण उभ्या-उभ्याच. बसायला गेली तर सरळ राहून एका बाजूला कलंडली, शिडीसारखी. दुसरा घेरदार. कपडे बदलायच्या खोलीतून आई बाहेर आली, घेर आतच राहिला. मी बाहेरून आईला ओढतेय, टाचणीबाई आतून घेर ढकलतेय, आणि दारावरची पडद्याची दांडी पडली ती माझ्या पाठीत. (कंबर धरली ती तेव्हा.) तिसऱ्याला खांदेच नव्हते. हा शिवताना शिंप्याला मध्येच कुणीतरी हाक मारली असावी, असं आईचं मत पडलं.

याहून मोठा ताप म्हणजे, प्रत्येक गाऊनमागे आईची चौकशी: आधीच्या नवरीचा संसार टिकला का? मासोळीवाली वेगळी राहते. घेरवाली नवऱ्यासोबत परदेशी गेली आणि काही कळवत नाही, म्हणजे आईच्या मते तिथेही काही खरं नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, “आई, सुखी बायका गाऊन विकत नाहीत, कपाटात ठेवतात.” हे तिला इतकं पटलं की ती पर्स उचलून जिन्याकडे निघाली.

तेव्हा टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि आतल्या कपाटातून एक गाऊन आणला. छातीखालून सरळ ओघळणारा, पोटावरून एका बाजूला नेलेल्या मऊ चुण्या. तिचा स्वतःचा. आता तिला तो होत नाही आणि मुलगी घालायला तयार नाही. संसाराचं विचारताच तिने मागच्या खोलीकडे हाक मारली आणि एक गृहस्थ गंजीफ्रॉकवर, डोळे चोळत बाहेर आले. आईने त्यांना असं निरखलं की मलाच लाज वाटली. ते म्हणाले, “हा विकतेस? मला विचारलं नाहीस.” आणि तोंड पाडून आत गेले. आई म्हणाली, “हाच घेऊ.”

तो घालून ती आरशासमोर उभी राहिली. पोट नाही, पाठ ताठ, मामा, काय सांगू. पोटावरच्या चुण्या सारख्या करत म्हणाली, “दादाला आवडला असता का गं?” म्हणजे तुला. मी टाचण्या गोळा करायला खाली वाकले. (दुखऱ्या कमरेने.)

आता घरी आल्यावर तिला साक्षात्कार झालाय की गाऊन कमरेत दोन बोटं सैल आहे. टाचणीबाई शिवण आत घेऊन द्यायला तयार आहे, पण आई म्हणते या कापडाला दादाखेरीज कुणाची कात्री लागायची नाही. मी हात टेकलेत.

मामीला नमस्कार.

तुझी वैतागलेली भाची

ता.क. लग्न महिनाअखेरच्या शनिवारी आहे. तू आपला शुक्रवारी ये, कात्री घेऊन. मी फक्त शिवणकामाला बोलावतेय. पुढे थांबायचं की नाही ते तुझं तू बघ.

आणखी एक ता.क. दुकानात तो गाऊन तिला इतका नेमका बसला होता की टाचणी लावायला जागा सापडेना. परवा दुपारी मी लवकर घरी आले, तर आई खिडकीशी चष्मा लावून कमरेची शिवण उसवत बसली होती. “सैल आहे बघ,” म्हणाली. मी “हो” म्हटलं. तूही हो म्हण.